काल इथं तळं होतं

कुवेतमध्ये मी तळ्यात होडी चालवली असं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. ज्यांनी कुवेत पाहिलेलं नाही ते म्हणतात, "हो का? छान!" ज्यांनी पाहिलंय ते माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतात. दोघांचंही बरोबर आहे. त्या देशात नदी नाही, ओढा नाही. आम्ही आंघोळ करायचो ती समुद्राचं पाणी उकळून गोडं केलेल्या पाण्याने, आणि ते पाणीही टँकरने यायचं. तरीसुद्धा मी तळ्यात होडी चालवली. गुरुवारी संध्याकाळी ते तळं नक्की होतं. शुक्रवारचं विचारू नका. म्हणजे विचाराच, त्यासाठी तर लिहायला बसलेय.

मी भंडाऱ्याकडची. आमच्या मुलखात गावोगावी तलाव, तलावात शिंगाडे, आणि शिंगाडे काढणाऱ्या ढिवरांचे डोंगे. लहानपणी मी शाळेत कमी आणि डोंग्यात जास्त असे. लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि गावच्या हळदीकुंकवात माझी जागा बैठकीतून स्वयंपाकघरात गेली. मग मी जागाच बदलली. आधी नागपूरला नर्सिंग शिकायला, आणि सत्तरच्या दशकात थेट कुवेतला, सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून.

तिथे नर्सेसच्या होस्टेलवर आमच्या पंधरा-वीस मुली होत्या, काही मराठी, काही केरळच्या. त्यांचं आयुष्य म्हणजे वॉर्ड, बस, होस्टेल आणि परत होस्टेल, बस, वॉर्ड. खिडक्यांच्या काचांना अर्ध्या उंचीपर्यंत रंग फासलेला. रात्री नऊला वॉर्डनबाई वही घेऊन नावं पुकारायच्या, आणि हजेरी झाल्याशिवाय कुणी झोपायचं नाही. हिवाळ्यात सगळं कुवेत तंबू घेऊन वाळवंटात राहायला जातं. पिकअपवर तंबू, चुली, गाद्या, आज्या, सगळं लादून लोक चाललेले आमच्या मुलींना बसमधून दिसायचे. एकदा जेवताना रत्नागिरीची विजया म्हणाली, "सिस्टर, मला एक रात्र तरी कुणी नाव न पुकारता झोपायचंय."

"झोपवते!" मी हातातला डाव उंच करून म्हटलं. सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. माझं नेहमीच असं होतं. बोलताना मी रंगभूमीवर असते, निस्तरायची वेळ येते तेव्हा मात्र घरात.

निस्तरायला मदतीला आली मिस हॅरिएट. ही आमच्या फिजिओथेरपी विभागाची इंग्रज बाई, उंच, सरळ, बोलताना पापणी न हलवणारी. तरुणपणी काही उन्हाळे तिने कॅनडात काढले होते. तिथे म्हणे रानात तळ्यामागून तळी असतात, लोक होडीने एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, होडी डोक्यावर घेऊन मधलं रान ओलांडतात आणि काठाला तंबू ठोकतात. अशा तळ्यांवरच्या मुक्कामाच्या जागा तपासायचं काम तिने केलेलं. तिच्या पलंगाखाली घडीची होडी होती, लाकडी बरगड्या आणि वरून जाड कॅनव्हास. त्या हिवाळ्यात कुवेतला भरपूर पाऊस झाला होता, आणि सालमीच्या रस्त्यावरून जाताना तिला लांब तळं दिसलं होतं. मुलींचा कॅम्प तळ्याकाठीच होणार, असं तिने जाहीर करून टाकलं.

आमच्या मेट्रन, मॅडम नादिया, इजिप्तच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नजर माझ्यावर रोखली. "इंग्रज बाईला सगळीकडे तळी दिसतात. तू जा. एक रात्र राहून ये. परत आलीस की नकाशावर बोट ठेवून जागा दाखव, शेजारी कोण ते सांग, आणि मग फक्त 'हो' किंवा 'नाही'. तू 'हो' म्हणालीस तर मुली जातील. 'नाही' म्हणालीस तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

गाडी होती नारायण तांडेलची. हा आमच्या इस्पितळातला सुतार, मालवणकडचा, बायकामुलं गावी ठेवून कुवेतला एकटा राहणारा. खोलीतल्या चौघांत मिळून त्याने एक जुनी पिकअप घेतली होती. मला तो 'बाय' म्हणायचा आणि मिस हॅरिएटला 'मडम'.

जहरा मागे टाकल्यावर

गुरुवारी दुपारी निघालो. जहरा गाव संपलं की पुढे रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही. ते 'काही नाही' इतकं लांबवर पसरलेलं असतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला आपले डोळे गेले की काय असं वाटतं. पेट्रोल पंपावर पेशावरकडचा एक पठाण होता. त्याला मी विचारलं, "भाई, इधर तालाब किधर है?"

त्याने माझ्या साडीकडे पाहिलं, गाडीवर बांधलेल्या कॅनव्हासच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि दयाळूपणे म्हणाला, "बाजी, समुंदर पीछे रह गया।"

पुढे चौकीवरच्या पोलिसानेही हात मागे करून समुद्र दाखवला. त्याच्या पुढे एक टँकरवाला भेटला, त्यानेही समुद्रच दाखवला. नारायण म्हणाला, "बाय, सगळे सांगतत तर परत जावया. समुद्र तरी आसा." मिस हॅरिएट मात्र मांडीवर कंपास ठेवून बसली होती. ती एकदम म्हणाली, "डावीकडे." नारायणने डावीकडे घेतलं, गाडी उड्या मारायला लागली, माझं डोकं टपाला लागलं, आणि समोर तळं!

 दुधाचा चहा निवल्यावर असतो तसा पाण्याचा रंग, पण त्यात सगळं आभाळ उतरलेलं. काठाला कोथिंबीर नुकती उगवल्यासारखी हिरवळ. आपल्याकडच्या धोबी पक्ष्यासारखी शेपटी हलवणारी पाखरं चिखलात पळत होती. पलीकडचा काठ लांब, धुरकट. माणूस कुठे दिसत नव्हता. आमच्या गावच्या तलावावर मातीची पाळ असते, घाट असतो, धुण्याचे दगड असतात, कुणीतरी कुणालातरी ओरडत असतं. हे तळं नुसतंच होतं. कुणी विसरून गेल्यासारखं.

मिस हॅरिएटने होडी जोडली. आधी बरगड्या, मग वरून कॅनव्हास ताणला. नारायणने ती बोटाने दाबून पाहिली. "ह्या कापडाच्या होडयेत मी बसूचंय नाय. आमची होडी फणसाची, नायतर आंब्याची. ही कसली? ही तर शिंप्यान केलेली."

"तू समुद्रावरचा माणूस ना?" मी म्हटलं.

"म्हणान तर. माका बुडूचा कसा ता ठावक आसा."

तो गाडी घेऊन काठाकाठाने वळसा घालून पलीकडे गेला आणि आम्ही दोघी होडीत बसलो. मी साडी गुडघ्यांपर्यंत खोचली होती आणि पायात वॉर्डातले पांढरे बूट होते. वारा पाठीवर होता, समुद्राकडचा, दमट. त्यानेच आम्हाला पलीकडे नेलं, आम्ही वल्ही मारली ती केवळ शोभेला. वल्हं खाली घातलं की तळ लागायचा. सगळ्यात खोल जागी पाणी जेमतेम गुडघ्याला येईल इतकं. पण मी काय करणार, मला राहवेना. मी उभी राहिले आणि आमच्याकडचे ढिवर मारतात तशी लांब हाळी मारली. मिस हॅरिएट शांतपणे म्हणाली, "सिस्टर, होडीत उभं राहू नये." कॅनडात हा पहिला नियम असतो म्हणे.

पलीकडच्या काठाला जमीन जराशी चढती होती. तिथे मिस हॅरिएटने तपासणी सुरू केली. होडी लागायला जागा: चांगली. तंबूला सपाटी: भरपूर. वाऱ्याला आडोसा: नाही. शौचाची जागा पाण्यापासून लांब: हवी तितकी लांब. शेवटी ती म्हणाली, "रात्री खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगावी लागते. अस्वलांसाठी."

आम्ही तिघांनी आजूबाजूला पाहिलं. झाड नव्हतं. नारायण म्हणाला, "मडम, हयसर अस्वल इला तर ता खावक नाय, पाणी मागूक येतला." मी भाषांतर केलं. मिस हॅरिएटने यावर जरा विचार केला आणि मान डोलावली.

आता जे केलं ते मेट्रनबाईंच्या यादीत नव्हतं. आमच्या गावी तलाव भरला की घरच्या बायका त्याची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. माझ्या आईच्या मागे मी लहानपणी जायची. नवरा गेल्यावर मला नारळाला हातही लावू दिला नव्हता, घरच्यांनी आपल्या परीने रीत सांभाळली. पण इथे कोण होतं बघायला? एक इंग्रज बाई आणि एक सुतार. मी सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, आपल्या वाण्याकडून नारळ आणला होता, ट्रंकेतला हिरवा खण घेतला होता. खणाच्या कोपऱ्यात तांदळाची गाठ मारली आणि खण नारळाला बांधला.

नारायणने काय चाललंय ते ओळखलं आणि चप्पल काढली. "थांब बाय. गाऱ्हाण्याशिवाय कसा होतला?"

त्यांच्या गावी कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नारायण तळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि बोटीचा भोंगा वाजावा तसा त्याचा आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा! ह्या वाळवंटातल्या तळ्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

"आज तुझ्या पायाकडे ही भंडाऱ्याची लेक इली आसा, ही इंग्लंडची मडम इली आसा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मिस हॅरिएटचाही आवाज आला. चर्चमध्ये लहानपणी शिकली असेल, सगळे म्हणतील तेव्हा म्हणायचं.

"आमच्या पोरींचो मुक्काम हयसर होऊचो आसा! त्यांच्या वाटेत जा काय आडवा येत असात, ता धारेक लाव, दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी नारळ पाण्यात सोडला. हिरवा खण क्षणभर फुगला, आणि नारळ काठाशीच डुलत राहिला.

संध्याकाळी नारायणने शर्कच्या बाजारातून आणलेल्या झुबैदीची, म्हणजे आपल्या पापलेटची, आमटी केली. त्यात गावाहून आलेली सोलं घातली होती. मिस हॅरिएटने डब्यातली घेवड्याची उसळ तशीच थंड खाल्ली आणि मग नारायणची आमटी दोनदा घेतली. झोपताना मी तळ्याकडे पाहून मनातल्या मनात मेट्रनबाईंना 'हो' सांगून टाकलं होतं. रात्री वारा फिरला एवढंच मला कळलं, कारण तंबूचं कापड माझ्या थोबाडीत मारत होतं.

शुक्रवार, उजाडल्यावर

बाहेर आले. दात घासायला तांब्या घेतला होता. चार पावलं चालले, आणखी चालले, आणि थांबले. तळं नव्हतं.

आटलं होतं असं नव्हे. नव्हतं. समोर ओला, गुळगुळीत चिखल चकाकत होता, आणि त्यावर आमची होडी दोरीने खुंटीला नीट बांधलेली, पळून जाऊ नये म्हणून. होडी होती. पळालं होतं ते तळं.

माझ्या मनात आलं, रात्रीत आम्हालाच कुणी उचलून दुसरीकडे ठेवलं असेल. मी मागे वळून पाहिलं. चूल तिथेच होती, काल सांडलेला भात तिथेच होता. नारायण गाडीतून डोळे चोळत उतरला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाय, तळा खंय गेला?"

"मला काय विचारतोस?"

"काल हयसरच होता."

"मी बघितलंय, नारायण."

मिस हॅरिएट बाहेर आली, तिने एकदा पाहिलं, आत गेली आणि कंपास घेऊन आली. कंपास म्हणत होता की उत्तर उत्तरेलाच आहे. तिने तो दोनदा हलवून पाहिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची पापणी हललेली दिसली. "कॅनडात," ती हळूच म्हणाली, "असं होत नाही."

नारायण चिखलाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी होती. "चूक माझी आसा," तो म्हणाला.

"तुझी? तू काय तळं प्यालास?"

"बाय, मी काय म्हटलंय काल? पोरींच्या वाटेत जा काय आडवा येत असात, ता दूर कर." त्याने दोन्ही हात समोरच्या चिखलाकडे पसरले. "त्येका वाटला, तळाच आडवा येता. हयलो राखणदार. त्येका मालवणी किती कळतली?"

मी हसले, पण लगेच मेट्रनबाई आठवल्या. नकाशावर बोट ठेवायचं होतं. आता बोट ठेवणार कशावर? शंभरदा 'हो' म्हटलं तरी पहिल्याच प्रश्नाला माझी वाचा बसणार होती. आणि 'नाही' म्हटलं की विषय कायमचा बंद. विजयाचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं.

"तळं कुठेतरी असणारच," मिस हॅरिएट म्हणाली. "आपण शोधू. होडी घेऊन." चिखलात गाडी रुतली असती, म्हणून कॅनडात करतात तसं करायचं ठरलं. होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि चालायचं. पुढे ती, मागे नारायण, मध्ये मी. होडीच्या आत अंधार, कॅनव्हासचा वास, आणि मला दिसायचे ते फक्त मिस हॅरिएटचे बूट.

"दिसलं!" ती ओरडली. आम्ही पाण्याच्या दिशेने चालू लागलो. पाणी लखलखत होतं, आम्ही जवळ जाऊ तसं मागे सरकत होतं. मग ते नाहीसंच झालं. तेवढ्यात नारायण म्हणाला, "मागे आसा!" होडी डोक्यावर घेऊनच तिघं गोल फिरलो. मागे खरंच पाणी लखलखत होतं. उजवीकडेही. उन्हं जरा वर आली आणि मी होडीची कड उचलून बघितलं तर चारी दिशांना चार तळी, एकाहून एक सुंदर, आणि आमच्या पायाखाली कोरडी वाळू.

"ह्यातला खरा खयचा?" नारायणने विचारलं.

"जे ओलं असेल ते," मी म्हटलं. याहून शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

आमचा तंबूही आता दिसेना. एका तळ्यातून एक पांढरी गाडी निघाली. पाण्यावरून चालत आल्यासारखी ती येत राहिली आणि आमच्यासमोर थांबली. पिकअप होती. चालवत होती एक म्हातारी. काळा बुरखा, डोळ्यांपुरती फट असलेला कापडी मुखवटा, आणि स्टिअरिंगवर मेंदीने लाल झालेली बोटं. मागे दोन मेंढ्या उभ्या. आणि तिच्या शेजारच्या सीटवर, एखाद्या पाहुण्यासारखा बसलेला, हिरव्या खणातला माझा नारळ.

उम फहदकडे

ती उम फहद, म्हणजे फहदची आई. बदू बाई, म्हणजे वाळवंटात फिरस्तीने राहणाऱ्यांतली, मेंढ्या घेऊन त्या हिवाळ्यात तिथे उतरलेली. मुलगा शहरात नोकरीला. तिला म्हणे पहाटे मेंढ्या पाण्यावर नेताना नारळ सापडला. इथे नारळाचं झाड नाही, तेव्हा हे कुणाचं असेल याचा ती विचार करत होती, तोवर तिला लांबून सहा पायांची होडी चालताना दिसली. "म्हटलं, यांचंच असणार."

तिने आम्हाला नेलं. होडी गाडीवर बांधली, मिस हॅरिएट पुढे बसली, आणि मी न् नारायण मागे मेंढ्यांबरोबर. पाच-दहा मिनिटांत बकऱ्यांच्या काळ्या केसांच्या विणीचा मोठा तंबू आला, शेजारी पाण्याचा टँकर, आणि तंबूच्या दारापाशी, निवल्या चहाच्या रंगाचं, आभाळ पोटात घेऊन बसलेलं, आमचं तळं!

तंबूत गाद्या, लोड, कोळशावर कॉफीची लांब चोचीची किटली, आणि कोपऱ्यात बॅटरीवर चालणारा टीव्ही. "तफद्दली, तफद्दली," म्हणजे या, बसा, घ्या. आधी खजूर, मग कडू गहवा, मग गोड चहा, मग ताजं ताक. नारायण दाराशी अंग चोरून बसला होता, त्यालाही तिने आत ओढलं.

आता मला तळ्याची चौकशी करायची होती, आणि इथे माझी पंचाईत झाली. माझं सगळं अरबी वॉर्डातलं. मला ऐकलेलं बरंच कळतं, पण बोलता येतं ते फक्त पेशंटशी. दुसरा इलाज नव्हता. मी तळ्याकडे बोट केलं आणि सुरुवात केली.

"हा त्रास कधीपासून?"

तिने डोळे बारीक केले. "पाऊस पडला तेव्हापासून."

"सतत असतो की येऊन-जाऊन?"

"येऊन-जाऊन."

"रात्री वाढतो का?"

"वाऱ्यावर आहे," उम फहद म्हणाली, आणि हाताने दाखवलं. समुद्राकडचा दमट वारा सुटला की अख्खं पाणी सरकून तिकडच्या काठाला जातं, आणि उत्तरेकडचा सुटला की इकडे येतं. इतकं उथळ पाणी, इतकी सपाट जमीन. ताटातलं वरण ताट कलवल्यावर सरकतं तसं. म्हणजे गाऱ्हाण्याची चूक नव्हती. मी नारायणला सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

"यापूर्वी असं कधी झालं होतं?" मी पुढे विचारलं.

"चांगला पाऊस झाला की दर खेपेला."

"घरात आणखी कुणाला आहे का?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

म्हातारी इतकी हसली की तिच्या मुखवट्याची दोरी सुटली. "घरात? घरात मला गुडघे आहेत!" आणि तिने दोन्ही गुडघ्यांवर थापट्या मारल्या. गुडघे हा शब्द मिस हॅरिएटला सगळ्या भाषांत कळायचा. ती तत्काळ खाली बसली, तिने म्हातारीचे पाय मांडीवर घेतले, वाकवले, सरळ केले, आणि व्यायाम शिकवायला लागली. तंबूत एक इंग्रज आणि एक बदू बाई समोरासमोर आडव्या पडून पाय वर-खाली करताहेत, हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही.

पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी उम फहदला मुलींचं सांगितलं. वॉर्ड, बस, होस्टेल, काचांना फासलेला रंग. आणि हेही सांगितलं की आता मला 'नाही' म्हणावं लागणार. रात्री एकीकडे आणि सकाळी दुसरीकडे जाणाऱ्या पाण्याकाठी परक्या मुलींना कशी आणू? जागा कुठे म्हणून सांगू?

ती आडवी पडल्या पडल्याच म्हणाली, "पाण्याला कशाला विचारतेस? मी आहे की. गवत आहे तोवर मी इथून हलत नाही. मुली माझ्या बाजूला झोपतील." मग कोपरावर उठून विचारलं, "किती आहेत? म्हणजे भात त्या हिशेबाने."

तिच्याच गाडीने आमच्या तंबूकडे परत निघताना तिने आतून पावसानंतर वाळूखाली उगवणारे कंद आणले. फगा म्हणतात त्यांना, बटाट्यासारखे, मातीने माखलेले. तिने ओंजळ भरून पुढे केली. माझ्याकडे पिशवी नव्हती, म्हणून मी पदर पसरला. त्यात फगा पडला. वर खजुराच्या दोन मुठी पडल्या. मग तिला आठवण झाली, तिने गाडीतून माझा नारळ आणला आणि तोही माझ्या पदरात ठेवला. "हे तुझं." खणाची गाठ सुटली होती, पण तिने तांदूळ टाकले नव्हते. उन्हात सुकवून वाटीत ठेवले होते. "हेही तुझंच." तेही पडले.

मी उभीच होते. मला समजत होतं आणि समजतही नव्हतं.

मागून नारायणचा आवाज आला, अगदी खालचा. "उभ्यान घेव नये, बाय. खाली बस."

मी वाळूत बसले. पदर मांडीत आवळून धरला.  उम फहदला वाटलं, बाईला फगा फारच आवडलेला दिसतोय. तिने आणखी एक ओंजळ घातली.

मेट्रनबाईंचं टेबल

शनिवारी सकाळी मॅडम नादियांनी नकाशा पसरला. "बोट ठेव."

मी अख्खा पंजा ठेवला. "मॅडम, बोट पुरत नाही. तळं फिरतं."

"फिरतं?"

"वाऱ्याने. पण उम फहद फिरत नाही. आम्ही तिच्या तंबूशेजारी राहणार. सालमीच्या रस्त्यावरून तिचा टँकर दिसतो."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मिस हॅरिएटकडे पाहिलं. ती म्हणाली, "आडोसा आहे, सपाटी आहे. अस्वलं नाहीत."

"आणि मुली जातील तेव्हा तळं नसलंच तर?" मॅडमनी मला विचारलं.

"तर बुडायची भीती नाही."

मॅडम नादिया हसल्या नाहीत. त्यांनी नकाशाची घडी घातली. "हो की नाही?"

"हो," मी म्हटलं.

मुलींच्या ड्यूट्या जुळवता जुळवता तीन आठवडे गेले. आम्ही पोचलो तेव्हा तळं खरोखरच नव्हतं. या खेपेला कुठे गेलंही नव्हतं, आटलं होतं. जिथे आभाळ होतं तिथे उन्हात वाळत घातलेल्या पापडांसारखे चिखलाचे तडकलेले तुकडे, आणि कडेने जांभळी, बारीक फुलं. बसमधून उतरून विजयाने चहूकडे पाहिलं.

"सिस्टर, तळं कुठाय?"

"काल होतं," मी म्हटलं.

कुणाला काही फरक पडला नाही. मिस हॅरिएटने होडी तरीही जोडली आणि मुलींना कोरड्या जमिनीवर वल्ही धरायला शिकवलं. दोघी दोघी आत बसायच्या, बाकीच्या बाजूंनी ढकलायच्या. संध्याकाळी होडीत उम फहदची दोन कोकरं झोपली. भाताचं एवढं मोठं ताट आलं की नारायणला ते आणायला दुसरा माणूस लागला. उम फहदने एकीचंही नाव विचारलं नाही. सगळ्यांना 'बिंती', माझी मुलगी, म्हणून ती मोकळी झाली.

पहाटे सवयीने मला जाग आली. मुली ब्लँकेटांत वेड्यावाकड्या झोपल्या होत्या, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी. मी उठून बसले आणि डोकी मोजायला लागले. सहा-सात झाली असतील, तेवढ्यात विजयाने झोपेत कूस बदलली आणि दोन ब्लँकेटं एकात एक गेली. कोण मोजलं, कोण राहिलं, काही कळेना.

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली नाही. आडवी झाले, पदर तोंडावर घेतला आणि झोपून गेले.